बंद दिवशी घेतलेलं माप

माझ्या व्हीलचेअरची रुंदी सव्वीस इंच. मुलीचं लग्न ठरलं तेव्हा बस्ता यवतमाळच्या जुन्या कापडलाइनीतच फाडायचा, असं दोन्ही घरांनी ठरवलं. इंग्रजांच्या काळातली ती लाइन: वर उंच पत्र्याचं छप्पर, मधून फरशीचा रस्ता, दोन्ही बाजूंना ओट्यांवर दुकानं. आमच्यात बस्त्यातल्या पहिल्या शालूला मुलीच्या बापानं कुंकू लावायचं असतं. शालू पसंत होऊन त्याला कुंकू लागेपर्यंत बाकीचं कापड पाहत नाहीत. त्यामुळे मला तिथे पोचणं भाग होतं.

म्हणून आधीच मुलीला टेप देऊन पाठवलं. गर्दी नको, म्हणून बाजारबंदीचा सोमवार निवडला. तिनं फाटकापासून दुकानापर्यंत चार ठिकाणी माप घेतलं. सगळ्यात अरुंद जागा चौपन्न इंच निघाली. मी आकडे दोनदा तपासले आणि बायकोला सांगितलं, "काही अडचण नाही."

गुरुवारी गेलो तर रस्ताच नव्हता. प्रत्येकानं ओट्याखाली माल मांडलेला: पुतळे, चादरींचे गठ्ठे, टांगलेले गाऊन. नवव्या दुकानापाशी खुर्ची अडकली. मागे माणसं तुंबली. बंद दिवशी माल आत असतो, एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती.

"काका, गाडी राहू द्या इथंच. उचलून नेतो तुमाले," एक हमाल म्हणाला.

"अठ्ठ्याहत्तर किलो आहे मी."

"मंग काय! क्विंटलही भरत नाही तुमी. कायले घाबरता?"

त्याचा जोडीदार हसला. "पोतं बोलत नाही, हे बोलते. तेवढाच फरक."

बाभुळगावहून आलेले व्याही आणि विहीणबाई ओट्यावरून पाहत होते. मी हो म्हणालो.

दोघांनी काखेत आणि मांड्यांखाली हात घालून मला दुकानातल्या पांढऱ्या गादीवर नेलं. माझ्या कमरेत तोल नाही. पाठीला आधार लागतो. ते सांगायच्या आत त्यांचे हात सुटले आणि मी आडवा झालो. पँट वर सरकली, पायाला बांधलेली लघवीची पिशवी उघडी पडली. बायकोनं तिच्यावर पदर ओढला. विहीणबाईंनी मान वळवली. शेठनं घाईघाईनं माझ्या पाठीमागे कापडाचे तागे रचून मला बसतं केलं.

"बाबा, घरी जाऊ का आपण?" मुलीनं कानाशी विचारलं.

"नाही. तू पाह्य सावकाश."

या पोरीला केसांची पिन घ्यायलाही अर्धा तास लागतो. शेठनं पहिला शालू उलगडला, लाल रंगाचा. पदर पुरता दिसायच्या आतच ती म्हणाली, "हाच."

"अगं बेटा, अजून पंचवीस आहेत दाखवाले," शेठ म्हणाला.

"नको. हाच पाह्यजे मले."

मी घड्याळ पाहिलं. चार मिनिटं झाली होती. शालू तिनं अंगावर धरूनही पाहिला नव्हता. बायकोनं करंडा पुढे केला. थांब, दुसरे बघ, असं मला म्हणायचं होतं. पण पाठीमागचे तागे सरकू लागले होते. मी कुंकू लावलं.