लाल्याच्या मानेवरचा डाग

नत्थूजी आमच्या शेजारी राहायचा. पाहुणे आले की मी आधीच सांगून ठेवायचो, म्हणजे त्याचा आरडाओरडा ऐकून कोणी दचकायचं नाही. कारंजा घाडगेच्या अलीकडे, हायवेला लागून आमचं गाव. मी वांगी पिकवतो, तो गवळाऊ, म्हणजे आमच्याकडच्या पांढऱ्या देशी जातीच्या, गाई पाळायचा. गाईवर त्यानं कधी काठी उगारली नाही. ती त्यानं माणसांसाठी राखून ठेवली होती.

आजोबांपासून चालत आलेल्या वंशाची चांदी नावाची गाय म्हणजे त्याचा जीव. तिचा एक गोऱ्हा वळू म्हणून राहावा, वंश पुढे जावा, एवढंच त्याला हवं होतं. चांदीनं शेवटच्या वेताला लाल्या दिला. गवळाऊ वासरं जन्मतः तांबूस असतात, मग पांढरी होतात. लाल्याही झाला, पण मानेवरचा तांबडा डाग काही गेला नाही. त्याच सुमारास हरणी या दुसऱ्या गाईला धवळ्या झाला, तो पुढे कापसासारखा पांढरा निघाला. हरणी नत्थूजीनं स्वतः बाजारातून पारखून आणलेली.

पांढरं ते अस्सल, डाग म्हणजे भेसळ, हा आमच्याकडचा हिशेब. चहाच्या टपरीवर कोणीतरी लाल्याला 'जर्सीचा नातू' म्हटलं आणि नत्थूजी तडक घरी आला. गाई चारायला धाकटा भाऊ प्रेमदास न्यायचा.

"काऊन बे, ढाब्यामागच्या जर्सी सांडाजवळ नेलती चांदीले?"

"नाई भाऊ, आईची शप्पथ."

पुढचं काठीच बोलली. एक फटका डाव्या डोळ्यावर बसला, रक्त गळ्यापर्यंत ओघळलं. मी कुंपण ओलांडून मधे पडलो तर एक माझ्याही खांद्यावर बसला. वहिनी, म्हणजे नत्थूजीची बायको, ओरडत होती, आणि हा माणूस दम खात म्हणाला, "दोर आन. लाल्याले आजच बडवतो."

बडवायची, म्हणजे गोऱ्ह्याचा बैल करायची, जुनी रीत वाईट आहे. गोऱ्ह्याला पाय बांधून आडवं पाडायचं आणि दोन लाकडांत धरून त्याचं बीज ठेचायचं. डोळ्यावर दुपट्टा बांधलेल्या प्रेमदासलाच त्यानं दोर धरायला लावला. प्रेमदासनं धरला. लाल्याचं ते ओरडणं आठवलं की मला आजही नत्थूजीचा संताप येतो.

डोळा गेला. प्रेमदास पुलगावला निघून गेला. चांदी म्हातारी होऊन मेली, धवळ्या वळू झाला आणि गोठा त्याच्या कालवडींनी भरला.

गेल्या वर्षी नंदिनीनं, नत्थूजीच्या मुलीनं, नागपूरला ए-टू दूध विकायचं काढलं. दुधातलं एक प्रथिन गाईगणिक वेगळं असतं, ए-वन किंवा देशी गाईंचं ए-टू; ते आईकडून एक आणि बापाकडून एक अशा दोन जनुकांवर ठरतं. दोन्ही ए-टू असली तरच दूध निव्वळ ए-टू. तिनं सगळ्या जनावरांच्या शेपटीचे केस तपासायला पाठवले. जातही तपासून घेतली. हौसेनं लाल्याचेही पाठवले.

लाल्या दोन्हीकडून ए-टू, अस्सल गवळाऊ निघाला. धवळ्यात एक ए-वन होतं, हरणीकडून आलेलं. हरणीतच संकर होता.

"आन् डाग?" नत्थूजीनं विचारलं.

"डागाचा दुधाशी काई संबंध नाई, बाबा."

तो उठून लाल्याच्या मानेवरून हात फिरवून आला. मग प्रेमदासला फोन करून एवढंच म्हणाला, "येजो." माफी मागणं त्याला येत नव्हतं.

प्रेमदास आला. नत्थूजी दोर आणि लाकडं घेऊन गोठ्यात उभा होता. म्हणाला, "दोर धर. धवळ्याले बडवतो."

पूर्ण वाढलेला सांड! मी ओरडलो, नंदिनीनं हात धरला, पण त्यानं तिला ढकलून दिलं. प्रेमदासनं पुन्हा दोर धरला. पाय बांधत असताना प्रेमदासच्या डावीकडचा फास सैल झाला. मी कुंपणापलीकडून हाका मारेपर्यंत धवळ्यानं मान फिरवली होती. शिंग नत्थूजीच्या बरगडीखाली घुसलं. धवळ्यानं त्याला उचलून गव्हाणीवर आपटलं आणि पुन्हा शिंग घातलं.

प्रेमदास नत्थूजीच्या पोटावर दुपट्टा दाबून बसला. दुपट्टा लगेच भिजला.

"फास सुटला... सांगतलं काऊन नाई बे?"

"ह्या बाजूचं मले दिसत नाई, भाऊ."

नत्थूजीनं हात वर नेला आणि त्या मिटलेल्या डोळ्यावर ठेवला. दवाखान्यापर्यंत तो पोहोचला नाही.

तेरवी झाल्यावर प्रेमदासनं लाल्याला सोडलं आणि बरोबर घेऊन निघाला. नंदिनीनं कुठं चाललास म्हणून विचारलं.

"आमाले दोघाइले त्यानं एकाच दिवशी संपवलं," तो म्हणाला. "आता एकाच गोठ्यात राहू."