अंगठ्यांचा निबंध

आमच्या वस्तीत अजूनही कुणी म्हणतं, त्या कागदावर अंगठे लावले हीच चूक झाली. मी ते मानत नाही. काय झालं ते सांगते, मग ज्यानं त्यानं ठरवावं.

आमचं गाव महाराष्ट्राच्या शिवेला लागून, पण हैद्राबादेच्या राज्यात. जमीन काळी, पीक कापूस आणि ज्वारी. वर मारुतीपाशी शेतकरी घरांची विहीर, खाली नाल्याकाठी आम्हा बौद्धांची. ऐंशी सालानंतर नाल्याच्या वरच्या अंगाला चुनखडीची खदान निघाली. दगड धुतलेलं पाणी ते नाल्यात सोडायचे. काळ्या रानातून पांढरा नाला वाहू लागला तेव्हा आधी लोक हसले. माझी धाकटी जाऊ म्हणाली, "म्हशी आटल्या त नाल्याले दूध आलं पाहा."

मग ते पाणी झिरपून आमच्या विहिरीत उतरलं. दिसायला नितळ, पण त्यात तुरीची डाळ शिजेना. सकाळी चुलीवर चढवलेली डाळ दुपारी खडे चावल्यासारखी लागायची. भांड्यांना पांढरी खपली धरायची. पोरांची पोटं सारखी बिघडलेली. वरच्या विहिरीवर आम्हाला दोर टाकता येत नव्हता. कुणी वरून ओतलं तर भरून घ्यायचं, आणि उन्हाळ्यात तेही बंद.

माझा नवरा त्याच खदानीत दगड फोडायचा. वस्तीतली बरीच माणसं तिथंच कामाला होती. शहरातल्या लोकांना याचं नवल वाटतं. त्यात नवल काय? शेतातली मजुरी मालकाच्या मर्जीवर, खदानीत आठवड्याच्या आठवड्याला हातात पडायची. पोट खदानीवर आणि तहान विहिरीवर, असे आम्ही दोन्हीकडून बांधलेले.

एका उन्हाळ्यात आम्ही बायका खदानीच्या रस्त्यात बसलो. पांढरा गाळ कापसात शिरत होता म्हणून वरच्या बायकाही येऊन बसल्या. मॅनेजरनं पाणी मुरवायला खड्डा खोदून दिला. पाणी खड्ड्याला वळसा घालून नाल्यातच जात राहिलं.

या बसण्याची बातमी कुठंतरी छापून आली असावी, कारण नंतर हैद्राबादेहून एक प्राध्यापक बाई आल्या. हिंदीत बोलायच्या. माझ्या घरी भाकरी खाल्ली, नाल्याचे फोटो काढले. म्हणाल्या, जिल्ह्याच्या गावी कॉलेजात मोठी परिषद आहे, पर्यावरण न्याय आणि चळवळ असा विषय आहे. जिल्ह्याचे मोठे साहेब येणार आहेत. तुम्ही प्रस्ताव पाठवा. निवडला गेला तर तुम्हीच मंचावरून बोलाल.

प्रस्ताव म्हणजे काय, असं मी विचारलं. बोलणार ते थोडक्यात आधी लिहून द्यायचं, असं त्यांनी सांगितलं.

"म्हंजे बोलू द्यावं का नाई ते बोलण्याच्या आधीच ठरवतेत?" जाऊ म्हणाली. "आमच्या सासूचं असंच होतं."

मला मात्र तो मोठा साहेब समोर बसणार एवढंच ऐकू आलं. त्याच्या तोंडावर आमच्या विहिरीचं सांगता आलं तर खदानवाल्याला पाणी वळवावंच लागेल, असं मला वाटलं.

लिहायला आमच्या वस्तीतले गुरुजी बसले. ते सरकारी शाळेत मास्तर होते. इंग्रजीतच पाहिजे होतं. आम्ही सांगायचं आणि त्यांनी लिहायचं. बातमी लागताच वरच्या घरातल्या बायका आल्या. रस्त्यात आमच्या मांडीला मांडी लावून बसलेल्याच त्या.

त्यांच्यातली थोरली म्हणाली, "माय, कापसाचं लिवा. गावाचं नुकसान लिवा. दोन विहिरीचं काऊन लिवता? बाहेरच्याले काय करायचं ते?"

मी म्हटलं, "विहिरी दोन आहेत म्हणून तर डाळ शिजून नाही राह्यली. एक असती त तुमीबी आमच्यासंगं कच्चीच खाल्ली असती."

"मंग आमचं नाव नोको त्याच्यात."

"नोको त नोको."

त्या उठून गेल्या. दोन विहिरींचं लिहिलं गेलं. मला त्याचा पस्तावा नाही.

आता अंगठ्यांचं. आमच्याकडं निजामाच्या अमदानीपासून सरकारात कागद द्यायचा तर दरखास्त द्यायची, आणि दरखास्त सगळ्यांची. एका नावाचा कागद म्हणजे चुगली. एकट्यानं दिलेला कागद खरा असला तरी महसुलाचा गिरदावर चौकशीला येऊन चावडीवर बसून विचारायचा, तुझं कुणाशी वैर आहे? म्हणून खाली सगळ्यांचे अंगठे, अंगठ्यापुढं नाव, घर आणि कुठं कामाला आहे ते. हे नसलं तर कारकून कागद हातातही घेत नसे. आम्ही हेच शिकलो होतो, आणि हे आम्हाला सरकारनंच शिकवलं होतं.

गुरुजी म्हणाले, "वैनी, ही दरखास्त नाही. हा निबंधासारखा आहे. एकाच नावानं जाते."

"कोणाच्या?"

"तुमच्या लिवू."

"मी एकटी पेते का त्या विहिरीचं पाणी?"

गुरुजींनी शाईचं पॅड काढलं. बायकांनी लावले, बाप्यांनी लावले. मला चौथीपर्यंतचं लिहिता येतं, मी सही केली. नवऱ्यानं अंगठा लावला आणि गुरुजींना सांगून पुढं लिहवलं, खदानीवर दगडफोड. कागद टपालानं गेला.

उत्तर आलं नाही. कापूस वेचणीच्या दिवसात एका सकाळी नवरा कामाला गेला आणि लगेच घरी आला. त्याच्यामागून वस्तीतले बाकीचे आले. मुकादमानं नावं वाचून वाचून त्यांना बाजूला काढलं होतं. वरच्या आळीतला एकही नाही, सगळे आमचेच.

गुरुजी तहसीलला जाऊन आले. तिथल्या कारकुनानं त्यांना सांगितलं, "मास्टर साब, कागज़ ऊपर से आया, हमने आगे भेज दिया." परिषदेच्या लोकांनी आमचा प्रस्ताव वाचला, ही तक्रार आहे असं ठरवलं आणि योग्य कारवाईसाठी म्हणून जिल्ह्याला पाठवला. जिल्ह्यानं तहसीलला पाठवला. तहसीलनं खुलासा मागायला खदानीला पाठवला, अंगठ्यांसकट. जो तो आपल्या टेबलावरून पुढं सरकवत गेला आणि प्रत्येकाला वाटलं, आपण काम केलं.

मॅनेजरनं माणसं बोलावली. तो फार गोड बोलला. म्हणाला, दुसऱ्या कागदावर अंगठे लावा, आम्हाला फसवून लिहून घेतलं असं लिहा, आणि उद्यापासून कामाला या.

घरी येऊन नवरा भिंतीला टेकून बसला. "काय करू?" एवढंच म्हणाला.

"अंगठा तुमचा आहे," मी म्हटलं. "पर डाळ माह्या चुलीवरची आहे. कोणी फसवलं मले ते मॅनेजरले विचारून या."

तो उठला नाही. परिषद अजून व्हायची होती. मी ठरवलं, तिथं जायचं. ज्यांनी कागद पाठवला त्यांच्याकडून लिहून आणायचं, की ही तक्रार नव्हती, तुम्हीच मागितलेला भाषणाचा मजकूर होता. मग माणसं खोटं न बोलता कामाला जातील. इतकीच चिठ्ठी मला हवी होती.

मी, जाऊ आणि गुरुजी बसनं गेलो. दारात पाहुण्यांच्या गळ्यात नावाच्या चिठ्ठ्या अडकवत होते. आमच्या गळ्यात काही नव्हतं, पण लुगड्यातल्या बाया पाहून कुणी अडवलं नाही. स्वयंपाकाला आलो असं समजले असतील. जिल्ह्याचे साहेब दिवा लावून निघून गेलेले. मंचावर एक जण इंग्रजीत वाचत होता. गुरुजी कानाशी सांगत होते.

"तो म्हणून राह्यला, खेड्यातले लोक अन्याव सोसतेत पर पुढं येत नाईत. त्यायच्यात जागृती करा लागते."

मी उभी राहिले. हिंदी माझी बाजारातली, तीच वापरली. "हम आगे आए थे. आपने हमारे अंगूठे खदानवाले को भेज दिए."

सगळे वळून पाहू लागले. अध्यक्ष म्हणाले, "माताजी, सवाल का वक्त बाद में है."

"मेरा सवाल नहीं है. मुझे चिट्ठी होना."

गुरुजींनी मला बाहेर नेलं. चहाच्या टेबलापाशी समितीतला एक गृहस्थ आला, मागून हैद्राबादच्या त्या प्राध्यापक बाईही आल्या. बाईंचा चेहरा उतरला होता. गृहस्थ समजावू लागला. प्रस्ताव फार हृदयस्पर्शी होता, पण त्यात मांडणी नव्हती. इतक्या लोकांना मंचावर कसं बोलवणार? एक नाव हवं होतं. फाडून टाकण्यापेक्षा तुमचं काम व्हावं म्हणून आम्ही तो पुढं पाठवला. "हमने तो मदद की."

जाऊ कपबशी धरून उभी होती. म्हणाली, "ह्यायची मदत होते तवा आपल्या घरी चूल इझते." गुरुजींनी त्याचं हिंदी केलं नाही.

मी चिठ्ठी मागितली. गृहस्थ म्हणाला, समितीची बैठक व्हावी लागेल. बाई म्हणाल्या, मी लिहून देते. गृहस्थानं त्यांच्याकडं पाहिलं आणि म्हणाला, परिषदेच्या कागदावर एकट्यानं लिहून देता येणार नाही.

एका नावाचा कागद त्यांच्याकडंही चालत नव्हता तर. आमच्याकडून मात्र तोच हवा होता.

बाईंनी मला बिस्किटाचा पुडा दिला. मी तो टेबलावर ठेवला आणि आम्ही बस धरली.

दुसऱ्या कागदावर बहुतेकांनी अंगठे लावले. त्यांना मी कधी एका शब्दानं बोलले नाही. पोरं असलेल्या माणसाला बोलायला कुणाची हिंमत असावी? माझ्या नवऱ्यानं लावला नाही. तो बेल्लमपल्लीकडं कोळशाच्या खाणीत ठेकेदाराच्या कामावर गेला, सणासुदीला यायचा, आणि मग पाठ मोडून कायमचा परत आला. तो शूर होता म्हणून नव्हे. फसवलं असं लिहायचं होतं आणि त्याला कुणी फसवलं नव्हतं, इतकंच त्याचं म्हणणं होतं.

पुढच्या वर्षी त्या बाईंचं टपाल आलं. पुन्हा परिषद, पुन्हा प्रस्ताव मागवले होते. या वेळी एकच नाव लिहा, मी स्वतः समितीत आहे, असं त्यांनी खाली हातानं लिहिलं होतं. बाई वाईट नव्हत्या. पण चांगल्या माणसांच्या हातूनच आमचा कागद खदानीत पोचला होता, हे मी विसरणार नव्हते.

गुरुजींना म्हटलं, लिहा.

"आमचा प्रस्ताव असा आहे. या वर्षीची परिषद आमच्या वस्तीत भरवावी. मंडप आम्ही घालू. मोठ्या साहेबांना दिवा लावून जाऊ देऊ नये. खालच्या विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ चुलीवर चढवू. ती शिजली की सगळ्यांनी जेवावं, आणि जेवण झाल्यावर ज्याला बोलायचं त्यानं बोलावं. त्याआधी कुणी बोलू नये."

गुरुजी हसले नाहीत. इंग्रजीत उतरवून त्यांनी विचारलं, "खाली नाव कोणाचं?"

"कोणाचंच नोको, गावाचंबी नोको," मी म्हटलं. "नाला पांढरा आहे, सापडंल त्यायले."

कागद गेला. आलं कुणी नाही.