मार्थाच्या जिभेची शिकवणी

रिकाम्या बाटल्या भंगारवाला घेऊन जातो, किस्से मात्र घरातच साचत राहतात. आमच्या मनवेलपाड्याच्या वन बीएचकेत आता पाहुणे चहाच्या आधी किस्साच मागतात. म्हटलं, एकदाचे सगळे सांगून मोकळं व्हावं.

आधी माणसं सांगते. मी, माझा नवरा सुहास, माझ्या ऑफिसातली मार्था आणि बोळिंजचे राऊतकाका. काकांची केळीची वाडी आहे. केळी द्यायला म्हणून येतात आणि जेवूनच जातात. चौघांपैकी एकालाही वाईनमधलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि कळायची गरज फक्त मार्थाला होती.

मार्थाचं सासर वसईतल्या एका गावात. तिच्या सासूबाई, घरात सगळे त्यांना आय म्हणतात, दर नाताळला घरी काळ्या द्राक्षांची वाईन करतात, चिनी मातीच्या जुन्या बरणीत. त्या बरणीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. आता वय झालं, तेव्हा त्यांनी जाहीर केलं की जिला चव कळते त्याच सुनेला बरणी मिळेल. सुना दोन, मार्था आणि धाकटी लीना. आणि वर सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मार्थाला काय कळतंय? तिला शरबत दिलं तरी छानच म्हणेल."

हे त्या त्यांच्या बोलीत म्हणाल्या, ती मला लिहिता यायची नाही. पण लागायचं ते लागलंच. दुसऱ्या दिवशी मार्थाने ऑफिसात डबा उघडला नाही. पुढच्या नाताळपर्यंत मला चव कळली पाहिजे, एवढंच म्हणाली. झालं, दर रविवारी दुपारी आमच्याकडे शिकवणी सुरू.

*

पहिली परीक्षा वाईन शॉपच्या जाळीपुढे! आम्ही दोघी पंजाबी ड्रेसमध्ये, ओढण्या सावरत, आणि आजूबाजूला क्वार्टरवाल्यांची झुंबड. पण लेडीज म्हटल्यावर गर्दीने इतक्या अदबीने वाट दिली की मलाच कसंतरी झालं. रेड वाईन, स्वस्तातली, असं मी हळूच सांगितलं. मागच्या एका गृहस्थांनी ही नको ती घ्या म्हणून सुचवलं, दुसऱ्याने त्यांना खोडून काढलं, आणि पाच मिनिटांत आमच्या बाटलीवरून तिथे परिसंवाद सुरू झाला. स्वतःचं काय घ्यायचं ते सगळे विसरले.

दुकानदाराने काळ्या पिशवीत बाटली देताना विचारलं, पाहुणे येणार वाटतं? आम्ही हो म्हटलं. मग दर आठवड्याला तेच चाललं. महिन्याभराने तो काळजीने म्हणाला, "ताई, एवढे पाहुणे येतात, मुलीचं जमत नाहीये का कुठे?"

*

पहिली बाटली उघडायला घरात बूच काढायचं काहीच नव्हतं. सुहासने स्क्रू ड्रायव्हर लावला आणि बूच सरळ आत ढकललं. वाईनवर भुगा तरंगायला लागला. त्याने स्वयंपाकघरात जाऊन गाळून आणली आणि स्टीलच्या पेल्यांत ओतली.

वाईन चाखायला शिकवणाऱ्या व्हिडिओतल्या बाईंनी सांगितल्याप्रमाणे आम्ही पेले फिरवले, डोळे मिटले, वास घेतला. मार्थाला मागून काहीतरी पानांचा वास आला. मला तर आलं जाणवलं. काकांना वेलची! पहिल्याच दिवशी एवढी प्रगती बघून आम्ही हरखून गेलो. सुहास तेवढा गप्प होता. गाळणी चहाची होती आणि सकाळपासून धुतलेली नव्हती.

*

व्हिडिओतल्या त्या बाई ब्लॅकबेरीचा, ओकच्या लाकडाचा वास येतो म्हणायच्या. आमच्यात ब्लॅकबेरी कुणी चाखली होती? म्हणून आम्ही आपली यादी केली. जांभूळ, करवंद, ओलं गोणपाट, नवी कढई. राऊतकाकांना मात्र प्रत्येक बाटलीत एकच वास यायचा, सुकेळीचा. सुकेळी म्हणजे आमच्याकडची वाळवलेली राजेळी केळी. तिसऱ्या रविवारी मार्था वैतागली. वाईन द्राक्षांची, त्यात केळं येईलच कसं?

मग माझ्या लक्षात आलं, काका वाडीतून सुकेळी बांधून तसेच यायचे, त्याच हाताने पेला नाकाशी न्यायचे. त्यांना बेसिनवर पाठवलं. चांगले कोपरापर्यंत हात धुऊन आले, पेला उचलला, बराच वेळ हुंगला.

"आता साबण," म्हणाले.

*

दिवाळीनंतर सुहासने परीक्षा घेतली. तीन बाटल्यांना ऑफिसचे धुतलेले मोजे चढवले आणि प्रत्येकापुढे तीन पेले ठेवले. काकांनी पहिलीला पैकीच्या पैकी दिले, मला दुसरी उंची वाटली. मार्थाने तिसरीवर बोट ठेवून ठासून सांगितलं, ही भिकार आहे. आम्ही कडाकडा भांडलो. मग सुहासने मोजे काढले. दोन बाटल्यांत पाणी होतं, तिन्ही पेले एकाच बाटलीतले!

आम्ही हसून लोळलो. मार्था हसली नाही. म्हणजे आय म्हणतात ते खरंच आहे, असं म्हणून ती ओढणीने डोळे पुसायला लागली. सुहासचा चेहरा पडला. त्यानंतर त्याने कधी गंमत केली नाही, आणि मार्था घरी रोज लिंबू, चिंच, गूळ, काळा चहा जिभेवर ठेवून बघायला लागली. जेवताना टीव्हीसुद्धा लावायची नाही, असं तिचा नवरा सांगायचा.

*

नाताळला आम्हा सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. टेबलावर तळलेले मैद्याचे फुगे, आंबट-तिखट मटणाचं इंद्याल, आणि मधोमध सासूबाईंचा काचेचा जग. त्यांच्या बोटांना हल्ली सांधेदुखीने पीळ पडलाय, तरी ओतायला कुणाला देईनात. दोन्ही हातांनी जग धरून सगळ्यांना त्यांनीच ओतलं.

लीनाने घोट घेतला न घेतला तोच म्हणाली, आयच्या हाताची सर दुकानातल्या वाईनला येणारच नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मार्थाने वास घेतला, छोटा घोट घेतला आणि तशीच थांबली. मग टेबलाखालून माझा पाय दाबला. मीही प्यायले. वरून साखर होती, दालचिनी होती. पण खाली जे होतं ते आम्ही वर्षभर काळ्या पिशवीतून घरी आणत होतो.

"बोल गं मार्था," सासूबाई म्हणाल्या. सगळं टेबल तिच्याकडे बघायला लागलं. लीना तर आधीच हसत होती. एका वाक्यात मार्था सगळ्यांची तोंडं बंद करू शकली असती.

मार्थाने ग्लास खाली ठेवला. "आय, यंदा साखर जरा जास्त पडली. पुढच्या वर्षी तुम्ही शेजारी बसून सांगा, मी घालते."

लीनाचा घास हातातच राहिला. सासूबाईंनी पदराला हात पुसले.

"जेवण झालं की शिडी लाव," त्या म्हणाल्या. "बरणी वर माळ्यावर आहे. धूळ पुसून घे."