दर वर्षी मरणारा मामा

"झोपायला पाठवलंत? दिसांग नदीचं पाणी बांधाला टेकलंय आणि तुम्ही माणसं घरी पाठवलीत, मोमाई?" दंडधर मामावर ओरडला.

"पोती वाहून वाहून उभ्या उभ्या डुलक्या घेत होती रे. एखादा पाण्यात गेला असता म्हणजे?" थानेश्वरमामाने अडकित्त्यात सुपारी धरली.

रात्रीच्या पाळीवर मामा होता, आणि पहाटे बांधाच्या पायथ्याशी पाणी झिरपायला लागलं होतं. खाली भातं, त्याखाली आमची घरं.

दंडधर माझा थोरला भाऊ. बांध-समितीचा प्रमुख आणि नामघरासमोरच्या, म्हणजे गावच्या प्रार्थनाघरासमोरच्या नाटकात कायमचा लाचित बरफुकन, मोगलांना हरवणारा आहोम सेनापती. लाचित म्हणजे आमच्याकडे पुरुषाचं माप. पोरगं पडून रडलं तरी आई विचारते, लाचित रडला होता का? दंडधरने ते माप अंगालाच शिवून घेतलेलं. स्वतःच्या लग्नातही हसला नाही, असं वहिनी सांगते.

नाटकातला मामा थानेश्वरमामाच करायचा. तट उभारायची रात्र, मामाच्या कामात ढिलाई, आणि लाचित त्याचं डोकं उडवतो: देशापेक्षा मामा मोठा नाही. टाळ्या पडायच्या. मामा पडद्यामागे उठून चहा मागायचा. म्हणायचा, भाच्याच्या हातून मेलो, आता स्वर्ग कुठे जातोय.

वडील गेल्यावर याच मामाने आम्हाला वाढवलं. आणि आज दंडधर सांगत होता, दुपारच्या सभेत मी तुमचं नाव घेणार, तुम्हाला बांधावरून काढणार. वहिनीने पुढे केलेला बिनदुधाचा लाल चहा त्याने घेतला नाही.

"घे नाव," मामा म्हणाला. "चूक माझी आहे. आळीपाळीने झोपवायला हवी होती, सगळीच पाठवली. पण लाचितचं तुला एकच वाक्य पाठ आहे. सराईघाटच्या लढाईत आपली फौज मागे फिरली, तेव्हा तो तापाने फणफणला होता. तरी स्वतः होडीत उतरला. तो प्रवेश आपण दर वर्षी गाळतो. होडी कोण आणणार म्हणून."

कुणीच हसलं नाही.

"काल तू किती पोती उचललीस, भाच्या?"

दंडधरचे हात कमरेवर होते. ते त्याने खाली घेतले. काल दिवसभर तो नामघरात बसून हुकूम सोडत होता, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

तेवढ्यात बांधाकडून हाक आली, खालची पोती सरकलीत. दंडधरने खांबाला टेकलेलं फावडं उचललं. मामाचा अडकित्ता तसाच उघडा राहिला.

"आणि सभा?" वहिनीने पाठून विचारलं. "मामांचं नाव घेणार?"

तो फावडं खांद्यावर टाकून बांधाच्या दिशेने पावसात उतरला.