लॅबमध्ये न बसलेला कंपायलर

संख्याशास्त्राच्या लॅबमध्ये बारा वर्षं काढली की प्रमोशन मिळेलच असं नाही, किस्से मात्र न मागता मिळतात. जळगावच्या आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर अडला की मला बोलावतात. मी इंजिनिअर नाही, शिकवतो संख्याशास्त्र. पण एकदा कुणाचा तरी प्रिंटर चालू करून दिला, तेव्हापासून मी एक्स्पर्ट! मित्रांत बसलो की हे सगळं मी रंगवून सांगतो. हल्ली सांगताना मध्येच गप्प होतो.

त्याला कारण तायडे मॅडम. बोदवडहून रोज ट्रेनने यायच्या, तासिका तत्त्वावर शिकवायच्या. केळीच्या बागांत फिरून त्यांनी चार वर्षं घडांची वजनं, पाणी, खत असं सगळं टिपलं होतं. पीएचडीची मुदत एकदा वाढवून झाली होती. जूनअखेर प्रबंध दिला नाही तर नोंदणी रद्द, आणि पीएचडी नाही तर पर्मनंट नोकरी विसरा. सगळं अडलं होतं एका पॅकेजवर, म्हणजे आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरला वरून जोडायच्या एका भागावर. ते तयार मिळत नाही, कच्चं मिळतं. आपल्याच मशीनवर कंपायलर नावाच्या प्रोग्रामकडून शिजवून घ्यावं लागतं. आणि कंपायलर बसवणार कोण? एक्स्पर्ट!

*

त्यासाठी खास नवा डेस्कटॉप आला. आमचे लॅब असिस्टंट नाना मूळचे एरंडोलकडचे. रजिस्टर असो की साधी चिठ्ठी, वर 'श्री' लिहिल्याशिवाय त्यांचं पेन पुढे सरकत नाही. मशीनला कुंकू लागलं, नारळ फुटला. स्क्रीनवर वापरणाऱ्याच्या खात्याचं नाव विचारलं गेलं.

"सर, पहिले श्री लिखा!" नाना म्हणाले.

मी पण शायनिंग मारायला देवनागरी कीबोर्ड लावला आणि झोकात 'श्री' टाइप केलं. टाळ्या पडल्या. तायडे मॅडमनी सगळ्यांना पेढे वाटले.

*

कंपायलर बसवला. दुसऱ्या दिवशी बघतो तर गायब! परत बसवला, परत गायब. तिसऱ्या दिवशी मी दबा धरून बसलो.

चार वाजता नाना फडकं घेऊन आले. आधी मॉनिटर पुसला, मग कीबोर्ड झटकला, मग माउस हातात घेऊन अँटिव्हायरस उघडला. त्यात आमच्या कंपायलरच्या नावापुढे संशयाची खूण होती. नानांनी शांतपणे 'डिलीट' दाबलं.

"नाना!!"

"सर, रोज एक व्हायरस सापडस, मी रोज मारस!" नाना अभिमानाने म्हणाले.

मॅडम हसून हसून बेजार झाल्या. मीही हसलो. तीन दिवस गेले होते, तेव्हा तीन दिवसांचं काही वाटत नव्हतं.

*

याच सुमारास धुळ्याच्या एका कॉलेजने मला वर्कशॉपला बोलावलं, 'तज्ज्ञ मार्गदर्शक' म्हणून! कंपायलर कुठे ठेवलाय हे कॉम्प्युटरला सांगायला एका यादीत त्याचा पत्ता जोडावा लागतो. मी माइकवरून तीनदा बजावलं, "यादीच्या शेवटी जोडा, बाकी कशाला हात लावू नका."

पहिल्या रांगेतल्या आबांचं सगळ्यांच्या आधी झालं. रिटायरमेंटला आलेले, भलतेच उत्साही प्राध्यापक. "सर, जुनं बठ्ठं काढी टाकं! आते मशीन साफ शे!"

मशीन खरोखरच साफ होतं. जुन्या सगळ्या प्रोग्रामचे पत्ते उडाले होते, निम्म्या गोष्टी उघडेनात. मी सगळ्यांदेखत त्यांना बोललो, जरा जास्तच बोललो. "सांगितलेलं वाचता येत नाही का?" आबांनी चष्मा काढून पुसला आणि "चुकलंच," म्हणाले. परतीच्या बसमध्ये मला माझाच राग आला होता. जळगाव येईपर्यंत टिकला.

*

इकडे मॅडमच्या स्क्रीनवर चुका दाखवणाऱ्या लाल ओळींचा पाऊस. कंपायलर जागेवर, पत्ता जोडलेला, तरी पॅकेज शिजेना. बाकीची मशीनं इतकी जुनी की त्यांच्यावर ते सॉफ्टवेअरच बसत नव्हतं. मी रोज जायचो, लाल रंग बघायचो, काढून परत बसवायचो. शेवटी वैतागून म्हणालो, "मॅडम, तुमच्या डेटातच घोळ आहे. सगळा नव्याने भरा."

आता विचार केला तर कळतं, पॅकेज बसायच्या आधी डेटाचा संबंधच काय? पण एक्स्पर्ट बोलला होता! बाईंनी चार वर्षांचे घड पुन्हा एकेक करून भरले. त्यात एप्रिल गेला, मे गेला. जूनही गेला. नोंदणी रद्द झाली, आणि नव्या शैक्षणिक वर्षात त्या कॉलेजात आल्या नाहीत.

*

दिवाळीनंतर एका विद्यार्थिनीसाठी मी त्याच मशीनवर वेगळं खातं उघडलं. घाईत इंग्रजीत साधं 'lab' लिहिलं. तेच पॅकेज चार मिनिटांत बसलं! मी जुन्या खात्यात जाऊन लाल ओळी पहिल्यांदाच नीट वाचल्या. खात्याच्या नावानेच फोल्डर बनतो; त्याच्या पत्त्यात जिथे 'श्री' असायला हवं, तिथे नुसती प्रश्नचिन्हं होती. कंपायलरला देवनागरी वाचताच येत नव्हती.

नानांना सांगितलं नाही. त्यांचा काय दोष? कीबोर्ड मी लावला होता.

*

रविवारी बोदवडला गेलो. मॅडम आता घरीच दहावी-बारावीचे क्लास घेतात. माफी कशी मागायची याची ट्रेनमध्ये चांगली तयारी केली होती, ती दारातच विसरलो. कसंबसं सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर त्या आत गेल्या आणि एक वही आणून माझ्यापुढे उघडली. लाल ओळी पेनाने जशाच्या तशा उतरवलेल्या, प्रश्नचिन्हांभोवती गोल. खाली मार्चमधली तारीख आणि सुबक अक्षरात : 'खात्याच्या नावामुळे असेल का? सरांना विचारणे.'

मी ती तारीख पुन्हा वाचली. "मॅडम, मग मला विचारलं का नाहीत?"

"विचारलं होतं, सर. दोनदा," त्या म्हणाल्या. "चहात साखर चालते ना तुम्हाला?"