खानमबाईंचे फारसी बुधवार

गोष्टी कोणी मुद्दाम साठवत नाही. दिवसभर सांगायला घरात माणूस नसलं की त्या आपोआप साठतात. आमचे हे सकाळी सातला पिरंगुटच्या कंपनीत जातात आणि संध्याकाळी येऊन टीव्हीसमोर डुलक्या घेतात. मुलगी लग्न होऊन हैदराबादला. आम्ही मूळचे परभणीचे, इथं माले गावात भाड्यानं राहतो. तेव्हा माझ्याकडे किस्से भरपूर! आणि जवळजवळ सगळे एकाच घरातले, बुधवारी दुपारचे.

ते घर खानमचं. खानम इराणच्या. तरुणपणी पुण्यात शिकायला आल्या, वर्गातल्या मराठी मुलाशी लग्न केलं आणि इथल्याच झाल्या. नवरा रिटायर झाल्यावर दोघांनी माले गावात छोटं घर बांधलं. पुढं साहेब गेले. मुलगा आर्यन नोकरीला बंगळूरला. तेव्हापासून गावात सगळे म्हणतात, "म्हातारी आता जाणार पोराकडं." मी म्हणत नाही. त्या गेल्या तर माझ्या आठवड्यात बुधवार उरत नाही.

'खानम' म्हणजे फारसीत 'बाई'च. पण आमच्या घरमालकीण सुमनकाकूंना नुसतं खानम म्हणणं उद्धटपणाचं वाटलं. म्हणून त्या 'खानमबाई' म्हणतात. आता सगळं गाव तेच म्हणतं!

*

वर्ग सुरू झाला तो खानमच्या भीतीपोटी. "बोलायला कुणी नाही, माझी भाषा मीच विसरेन," म्हणाल्या, आणि आम्हाला शिकवायला बसल्या. विद्यार्थी तीन. मी, बारावीपर्यंत शिकलेली. सुमनकाकू, ज्यांना म्हशीची धार काढायच्या वेळेपर्यंत मोकळीक असते. आणि जवळच्या रिहे गावाहून स्कूटरवर येणारे नाईकसाहेब. ते विमा कंपनीतून रिटायर झालेले. त्यांना गझल "ओरिजिनलमधून" समजून घ्यायची होती.

पहिल्या दिवशी खानमनी सोपे शब्द घेतले. दरवाजा. जमीन. बाजार. बाग. गरम. हजार.

सुमनकाकू ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "मंग आमी आजपातूर काय बोलत हुतो? आमी तर पास हाय की!"

आणि खरंच उठून निघाल्या! खानमनी चहाची किटली दाखवली तेव्हा कुठं पुन्हा बसल्या.

*

इराणी लोकांमध्ये 'तारोफ' नावाची एक रीत आहे. कोणी काही देऊ केलं तर लगेच घ्यायचं नाही. एकदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा विचारलं की घ्यायचं. देणाऱ्यानंही तीनदा विचारायचंच. खानम म्हणतात, "राजे आले, गेले, राजधान्या बदलल्या. पण आम्ही नको म्हणायचं सोडलं नाही."

आपल्याकडे परभणीत एकदा नको म्हणण्याची पद्धत आहे. सुमनकाकूंकडे तीही नाही.

खानम पहिल्यांदा सुमनकाकूंच्या घरी गेल्या ती ऐन जेवणाची वेळ. काकू म्हणाल्या, "जेवताय का?" खानम म्हणाल्या, "नको, नको." काकू म्हणाल्या, "बरं," आणि स्वतःच्या भाकरीचा तुकडा मोडला.

खानम समोर बसून आमटीचा वास घेत राहिल्या. घरी येऊन त्यांनी ब्रेड खाल्ला. हे त्यांनी आम्हाला वर्षभरानं सांगितलं!

*

याचीच उलटी बाजू. पाहुण्यानं एखाद्या वस्तूचं कौतुक केलं, की "ती तुमचीच" असं इराणी माणूस म्हणतो. पाहुणा म्हणतो, छे छे, तुमच्याकडेच शोभते. प्रकरण तिथं मिटतं.

खानमकडे पितळेचं एक मोठं तबक होतं, माहेरचं. त्यावर हातानं ठोकून काढलेली वेलबुट्टी, मधे हरणं. सुमनकाकू म्हणाल्या, "लई झ्याक हाय."

खानम म्हणाल्या, "तुमचंच आहे."

सुमनकाकूंनी ते उचललं, काखेत मारलं आणि घरी नेलं!

मी संध्याकाळी त्यांना समजावायला गेले. त्या म्हणाल्या, "अगं, ती सोताच्या तोंडानं म्हनली. मी काय चोरलं का?" त्या तबकात तेव्हा सांडगे वाळत होते.

खानमना सांगितलं तर त्या हसल्या. "असू दे. माझ्याकडे ते नुसतं भिंतीला टेकून होतं."

पण पुढच्या बुधवारी सुमनकाकू यायच्या आधी त्यांनी गालिचा गुंडाळून पलंगाखाली सारला.

*

नाईकसाहेबांना कविता ऐकताना डोळे मिटायची सवय. ओळ संपायच्या आत "वाह!" म्हणायचीही.

एकदा आम्ही पोचलो तेव्हा खानम खिडकीपाशी उभ्या राहून मोबाईलवरचं काहीतरी मोठ्यानं वाचत होत्या. सूर हळवा. नाईकसाहेब दारातच थांबले. डोळे मिटले. मान डोलायला लागली. "वाह! क्या दर्द है!"

खानमनी वर पाहिलं. "दर्द आहेच. माझ्या धाकट्या बहिणीचा मेसेज आहे, काल तिची दाढ काढली."

नाईकसाहेबांचा चेहरा पडला. खानमना ते बघवेना. त्या लगेच म्हणाल्या, "पण तुमचं बरोबर आहे हं. ती दाढदुखीसुद्धा यमकात सांगते."

*

त्याच बहिणीशी बोलताना खानमच्या तोंडी एक वाक्य नेहमी यायचं. एका बुधवारी त्यांनी ते फळ्यावर लिहिलं आणि वाचून दाखवलं. "दिलम बरात तंग शुदे." आपण म्हणतो 'तुझी आठवण येते.' फारसीत म्हणतात, 'माझं काळीज तुझ्यासाठी आखडलंय,' म्हणजे कपडा अंगाला तंग होतो तसं.

मी ते वहीत उतरवताना थांबले. मराठीत मला हे कधी सांगता आलं नव्हतं.

सुमनकाकूंनी खानमकडे नीट निरखून पाहिलं. "कवापासून हुतंय? पौडाच्या डाक्टरला दावलं का?"

*

भिंतीवर एक जुन्या पद्धतीचं चित्र आहे. बाग, कारंजं, महाल, गाणारे-वाजवणारे, शरबत घेऊन निघालेल्या दासी. चित्रात कुठंच सावली नाही. महालाची भिंत आहे, तरी आत काय चाललंय तेही दिसतं.

नाईकसाहेब म्हणाले, "पर्स्पेक्टिव्ह चुकलंय."

खानम म्हणाल्या, "चुकलं नाही. आमचा चित्रकार एका जागी उभाच राहत नाही. तो बागेतही जातो, माजघरातही जातो. सगळ्यांना भेटून मग चित्र काढतो."

मी दर बुधवारी बघते म्हणून मला माहीत होतं, वरच्या मजल्यावर एका खिडकीत एक बाई एकटीच बसली आहे. तिच्याकडे चित्रातलं कोणीच बघत नाही. मी खानमना विचारलं, ही कोण?

त्या म्हणाल्या, "माहीत नाही. लग्न झालं तेव्हा ती माझ्या लक्षातही आली नव्हती. आता हल्ली मला तीच दिसते. तिला खालचं सगळं दिसतं, खालच्यांना ती दिसत नाही."

कारंज्याचं पाणी तेवढं उडत होतं, तेही चित्रातलं.

मग सुमनकाकू म्हणाल्या, "जिना न्हाई व्हय तितं? मंग खाली यावं की बया!"

*

मार्चमध्ये त्यांचं नवं वर्ष लागतं. त्यासाठी ताटलीत गहू उगवायला ठेवतात. सुमनकाकूंनी ते हिरवेगार अंकुर पाहिले आणि चपला बाहेर काढून आल्या. "अगं बया, घट बसवलाय! आदी न्हाई का सांगायचं?" खानम काही बोलायच्या आत त्यांनी ताटलीला हळदकुंकू वाहिलं. शेजारी काचेच्या भांड्यात गोल्डफिश होता, त्याच्यापुढंही दोन अक्षता टाकल्या. त्यानं त्या खाल्ल्या!

तेराव्या दिवशी घरात बसायचं नसतं. बाहेर जाऊन ते अंकुर वाहत्या पाण्यात सोडायचे. आम्ही चौघं नदीवर गेलो. एक माणूस मोटरसायकल धूत होता. त्यानं विचारलं, "कशाचं इसर्जन म्हनायचं हे? ह्या दिसात?"

सुमनकाकू म्हणाल्या, "इराणच्या घटाचं."

त्यानं गाडी धुवायची थांबवली आणि हात जोडले.

परत येताना खानम म्हणाल्या, "साहेब गेल्यावर पहिल्यांदा कुणीतरी माझ्याबरोबर नदीवर आलं. साहेब होते तेव्हा आम्ही दोघंच यायचो. मागच्या वर्षी मी गेलेच नाही, अंकुरांवर बेसिनचा नळ सोडला."

*

त्यांच्याकडे एक जुना काव्यसंग्रह आहे. मनात प्रश्न धरायचा, डोळे मिटून पान उघडायचं, जी कविता निघेल ते उत्तर. इराणात घरोघरी असं करतात म्हणे, लग्न ठरवताना, प्रवासाला निघताना.

नाईकसाहेबांनी शेअरबद्दल विचारलं. मी काय विचारलं ते माझ्यापाशीच राहू दे. खानमनी माझं पान वाचलं, चष्मा पुसला, म्हणाल्या, "चांगलं आहे. थांब म्हणतोय. होईल म्हणतोय."

नाईकसाहेब म्हणाले, "मलाही तेच! सगळ्यांना होईलच कसं म्हणतो हा?"

खानमनी पुस्तक मिटलं. "कवी आहे तो. दारात आलेल्या माणसाला सरळ नाही कसं म्हणेल? तोही तारोफच करतो."

*

परवा आर्यन दोन दिवसांसाठी आला. शनिवारी दुपारी आम्हाला दोघींना, म्हणजे सुमनकाकूंना आणि मला, जेवायला बोलावलं होतं. खानमनी केशराचा भात केला होता. बुडाची सोनेरी खरपुडी सगळ्यांना वाटली.

आर्यन म्हणाला, "मामान, तू बंगळूरला चल ना राहायला. इथं एकटी काय करतेस?"

"नको रे. तुमचं घर लहान, तुमची कामं. मी मधे कशाला?"

"बरं," आर्यन म्हणाला आणि जेवायला लागला. त्याचं ताट भरलेलं होतं, तरी खानमनी त्याला पुन्हा भात वाढला.

चहाच्या वेळी त्यानं आणखी एकदा विचारलं. "नक्की नाही ना येत?"

"नको. खरंच नको."

"ठीक आहे. तुझी इच्छा." मग त्याला ऑफिसचा फोन आला आणि तो बाहेर गेला. मुलगा गुणी आहे. पण पुण्यात वाढला. नाही म्हणजे नाही, असं समजणाऱ्यांत.

खानम कप उचलायला लागल्या. रिकामे कप त्यांनी आत नेले, परत आणून टेबलावर ठेवले, पुन्हा आत नेले.

घरी येताना सुमनकाकू म्हणाल्या, "अजून येकदा इचारलं की जाती बग म्हातारी."

"हो."

"त्याला ठावं न्हाई."

"नाही."

"तुला ठावं हाय. पर सांगितलंस तर बुदवारी काय करशील?"

रात्री ह्यांना वाढलेल्या भाजीत मी मीठच टाकलं नव्हतं. ह्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

सकाळी मी शेंगदाण्याची चटणी घेऊन गेले. आर्यनची गाडी फाटकाशी उभी, डिकी उघडी. तो बॅग ठेवत होता. सुमनकाकू दूध घेऊन आल्या होत्या. त्या फाटकातच थांबल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

मी म्हटलं, "आर्यन, आईला अजून एकदा विचार."

"मावशी, दोनदा विचारलं. नाही म्हणाली ती."

"दोनदाच विचारलंस ना?"

त्याचा हात डिकीवर तसाच राहिला. म्हणाला, "बाबा तिला साधं पाणी हवंय का तेसुद्धा तीनदा विचारायचे. मला वाटायचं त्यांना कमी ऐकू येतं."

मी चटणीची बरणी त्याच्या हातात दिली.

"पण तिला यायचंय, हे तुम्हाला कसं कळलं, मावशी?"

"माझी मुलगीही म्हणाली होती, आई, ये इकडं राहायला. मी म्हटलं, नको गं. तीही म्हणाली, बरं."

तो आत गेला. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. आतून त्याचा आवाज आला. सुमनकाकूंनी दुधाची किटली या हातातून त्या हातात घेतली.

मग खानमचा आवाज आला. फारसीत. एकच शब्द. "मियाम."

येते.

इतक्या बुधवारांत कोणी न सांगता मला समजलेला हा पहिला शब्द.

आर्यन हसतच बाहेर आला, बॅग काढून पुन्हा घरात घेऊन गेला. "आज नाही निघत. तिचं सामान आवरून दोघं परवा जाऊ." त्याच्यामागून खानम आल्या. पदराला हात पुसत फाटकापर्यंत आल्या, माझा हात हातात घेतला. खिडकी उघडी होती, त्यांनी सगळं ऐकलं होतं.

म्हणाल्या, "याला तू सांगितलंस, मंगल. तुझ्या मुलीला कोण सांगणार?"