राजुरीच्या डेअरीचा सर्व्हर बदलला तेव्हा

सर्व्हरवर पिवळा दिवा लागला तेव्हा सकाळचं दूध नुकतंच आलं होतं. राजुरीतल्या आमच्या डेअरीचा हा सर्व्हर फॉल्ट-टॉलरंट. म्हणजे एकाच पेटीत सगळं दोन-दोन. एक बंद पडलं तरी दुसरं काम चालू ठेवतं. आता त्यातलं एक गेलं होतं. दुसरंही गेलं असतं तर गावोगावच्या दूध गार ठेवणाऱ्या कूलरचं तापमान दिसणं बंद झालं असतं आणि दूध नासलंय हे टँकर आल्यावरच कळलं असतं.

कंपनीला फोन केला. त्या मॉडेलचे पार्ट बनवणं त्यांनी केव्हाच थांबवलं होतं.

मॅनेजर हांडेसाहेबांनी दुसऱ्या कंपनीचा सर्व्हर मागवला आणि मला विचारलं, "मॅडम, कूलरचा प्रोग्रॅम नव्यानं लिहायला किती महिने?"

"नव्यानं नाही लिहायचा. मशीन आलं की दोन दिवस द्या."

त्यांचा विश्वास बसेना. पूर्वी हाच प्रोग्रॅम लिहिताना मी उशीर केला होता. जुन्या कंपनीचा इंजिनिअर त्यांच्या खास कमांड वापरा म्हणत होता. काम लवकर उरकलं असतं, पण प्रोग्रॅम दुसऱ्या कुठल्या मशीनवर चालला नसता. मी ओपन स्टँडर्डवर अडून बसले. म्हणजे अनेक कंपन्यांनी मान्य केलेले, कुणालाही वापरता येणारे नियम. साहेब तेव्हा महिनाभर माझ्याशी तुटक बोलत होते.

नवं मशीन आलं. प्रोग्रॅम कंपाइल केला, म्हणजे त्या मशीनला कळेल अशा रूपात आणला. एकच एरर आली. तारखेसाठी एका जागी मी स्वतःच घाईत जुन्या कंपनीची खास कमांड वापरली होती. दुरुस्तीला अर्धा तास लागला. लाज दिवसभर पुरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, दोन संकलनांच्या मधल्या वेळात, आम्ही नवा सर्व्हर जोडला. ऑपरेटर मंदाताईंनी अवसरी बुद्रुकचा कूलर स्क्रीनवर उघडला. चार डिग्री. तिथल्या माणसाला फोन लावला. कूलरवरही चारच दिसत होतं.

साहेब म्हणाले, "आता एक बाजू बंद करून दाखवा."

मंदाताईंनी एका बाजूची वायर ओढून काढली. आम्ही तिघं स्क्रीनकडे बघत उभे. आकडे येतच राहिले.

"मॅडम, ह्याला तर काय कळलंबी न्हाई," मंदाताई म्हणाल्या. साहेब इतके हसले की त्यांना खुर्ची शोधावी लागली. मग सगळ्यांना डेअरीतली लस्सी मिळाली, मला दोन ग्लास.

आता आमचा प्रत्येक प्रोग्रॅम आधी दोन वेगळ्या कंपन्यांच्या मशीनवर चालवून बघतो. स्टँडर्ड पाळलंय असं लिहिणाऱ्यानं सांगितलं, तर ते खरं धरू नये. मीही पाळलंय असंच सांगत होते, आणि तारखेची ती कमांड माझ्याच हातची होती.